मिलिता बेटावरील विस्तव

(शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें २८ : १–१०)



वरील पाठ आपण उपासनेंत पुष्कळ वेळां ऐकिला असेल. पौलाच्या हाताला साप लटकला व त्याला कांहीं इजा झाली नाहीं, एवढेंच बहुधा आपल्या लक्षांत राहतें. परंतु ह्या दहा वचनांत आणखी एक गोष्ट सांगितली आहे, व तिजकडे आज आपण लक्ष पुरवावें अशी माझी विनंति आहे. ती ही कीं, एकमेकांस न ओळखणारे लोक एकमेकांविषयीं किती लवकर मत बनवितात, व तें मत किती वेळां चुकीचें ठरतें.

प्रसंग डोळ्यांपुढें आणा. चौदा दिवस तुफानांत सांपडलेलें जहाज शेवटीं फुटलें. त्यावर २७६ माणसें होतीं. कोणी पोहत, कोणी फळ्यांचा आधार घेऊन, अशीं तीं सर्व किनाऱ्यास लागलीं. पाऊस पडत होता व थंडी होती. त्या बेटाचें नांव मिलिता. तेथील लोकांस ग्रीक भाषा येत नव्हती, म्हणून त्या काळचे शिकलेले लोक अशांना रानटी म्हणत. लूकानेंही तोच शब्द वापरला आहे. त्यांचे देव निराळे, त्यांची उपासना निराळी. तरी त्यांनीं काय केलें? विस्तव पेटविला व भिजलेल्या सर्वांस जवळ घेतलें. ह्यांत कैदी कोण, शिपाई कोण, यहूदी कोण, रोमी कोण, ह्याची चौकशी त्यांनीं आधीं केली असें लूक सांगत नाहीं. त्यांची दया मात्र त्यानें मुद्दाम लिहून ठेविली आहे, व ती आज दोन हजार वर्षें जगभर वाचली जात आहे.

मग पौलाच्या हाताला साप डसला. लोक आपसांत म्हणूं लागले कीं, हा नक्की खुनी असावा. समुद्रांतून वांचला तरी न्यायदेवता ह्याला सोडीत नाहीं. पौलानें साप विस्तवांत झटकून टाकिला. आतां हा सुजेल, आतां हा पडेल, म्हणून ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. कांहीं झालें नाहीं, तेव्हां त्यांचें मत पालटलें, व ते म्हणूं लागले कीं, हा देवच आहे. एका घटकेंत खुनी, दुसऱ्या घटकेंत देव! आणि पौल तर दोन्हीही नव्हता. तो त्यांच्याच विस्तवासाठीं काटक्या गोळा करणारा एक मनुष्य होता.

बंधुजनहो, मिलिता बेट दूर नाहीं. तें आपल्या वेशीपाशींच आहे.

एखादें कुटुंब प्रभूकडे येतें, आणि त्याच वर्षीं त्यांचा बैल मरतो किंवा तान्हें मूल दगावतें. लागलीच गांवांत बोलूं लागतात कीं, कुळदैवत कोपलें, देव सोडल्याचें फळ मिळालें. हें ऐकून आपणांस वाईट वाटतें, व तें वाटावें हें योग्यच आहे. पण आपल्याच मंडळींत एखादी बहीण महिनेमहिने अंथरुणास खिळली, तर आपण काय कुजबुजतों? हिच्या घरीं कांहीं गुप्त पाप असेल. हिची प्रार्थना खरी नसेल. मिलितेच्या लोकांनीं जें पौलाविषयीं म्हटलें तेंच आपण आपल्या बहिणीविषयीं म्हणतों, व त्याला विश्वास असें नांव देतों! ईयोबाच्या मित्रांनीं हीच चूक केली, आणि देवानें त्यांस दोष लाविला. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं ही समजूत प्रभूनें स्वतः खोडून काढिली (लूक १३). २०२० व २०२१ सालीं करोनाची सांथ आली, ती पाळकाच्या घरीं गेली आणि पुजाऱ्याच्याही. देव मानणाऱ्याच्या घरीं गेली आणि न मानणाऱ्याच्याही. रोगाला धर्म विचारतां येत नाहीं, व रोगावरून धर्म ओळखतां येत नाहीं.

दुसरी समजूत उलट बाजूची आहे. विश्वासणारा म्हणजे देवमाणूस. त्याला राग येऊं नये, त्याला शंका येऊं नये, त्याच्या डोळ्यांत पाणी येऊं नये. उपदेशक बंधूंनो, हें ओझें तुमच्यावर सर्वांत अधिक पडतें. लोक तुमच्याकडे सुजण्याची वाट पाहावी तसे पाहत असतात. आणि कधीं कधीं तुम्हीही त्या मानाला भुलतां, व आपल्या मनांतील अंधार कोणास दिसूं नये म्हणून झाकून ठेवितां. तसें करूं नका. योहान बाप्तिस्मा करणारा ह्यासारखा साक्षीदार तुरुंगांत बसला असतां त्यानें प्रभूकडे माणसें पाठवून विचारविलें कीं, येणारा तो तूंच काय (मत्तय ११). प्रभूनें त्याला झिडकारिलें नाहीं. उलट त्याच वेळीं लोकांपुढें त्याची थोरवी गायिली. शंका येणें म्हणजे विश्वास सुटणें नव्हे. जो आपली शंका प्रभूपाशीं नेतो, तो प्रभूपाशींच गेलेला असतो.

आतां तिसऱ्या गोष्टीकडे वळूं या. नास्तिक हा शब्द आपण फार सहज उच्चारतों. परंतु हा दगड पूर्वीं कोणावर फेकिला जात असे, हें आपणांस ठाऊक आहे काय? तो आपल्यावरच फेकिला जात असे. रोमी साम्राज्यांत ख्रिस्ती लोकांस नास्तिक म्हणत. ह्यांना मूर्ति नाहीं, बळी नाहीं, देऊळ नाहीं. तेव्हां ह्यांना देव नाहीं, असा लोकांचा तर्क. इ. स. १७७ च्या सुमारास अथेनागोरस नांवाच्या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्यानें बादशहास उद्देशून एक अर्ज लिहिला. त्यांत त्यानें तीन आरोपांस उत्तर दिलें : ख्रिस्ती लोक देव मानीत नाहींत, ते मनुष्याचें मांस खातात, व ते एकत्र जमून अनाचार करितात. प्रभुभोजनांतील शरीर व रक्त हे शब्द कोणी भिंतीआडून ऐकावे, बंधु व भगिनी हे शब्द कोणी अर्धवट ऐकावे, आणि त्यांतून असल्या कंड्या पिकाव्या, अशी ती स्थिति होती.

त्याच्याही आधीं, १५५ च्या सुमारास, स्मुर्णा येथील वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प ह्याला पकडून प्रेक्षकांनीं भरलेल्या रंगणांत उभें केलें. नास्तिकांचा धिक्कार कर म्हणजे तुला सोडतों, असें अधिकाऱ्यानें त्याला सांगितलें. नास्तिक म्हणजे त्याचेच ख्रिस्ती बांधव. त्या म्हाताऱ्यानें उसासा टाकिला, त्या प्रेक्षकांकडेच हात केला, आणि तोच शब्द त्यांच्यावर परतविला. मग त्याला चितेवर चढविण्यांत आलें. त्याच सुमारास रोम शहरांत जस्टिन ह्यानें लिहिलें कीं, तुमच्या ह्या देवांच्या बाबतींत आम्हांला नास्तिक म्हणावयाचें तर खुशाल म्हणा, पण खऱ्या देवाच्या बाबतींत आम्ही तसे नाहीं. पुढें त्यालाही रक्तसाक्षीचें मरण आलें.

आपल्या देशांतही ह्या शब्दाची गोष्ट अशीच आहे. प्राचीन शास्त्रकारांच्या वापरांत वेदांस प्रमाण न मानणारा तो नास्तिक. म्हणून बौद्ध व जैन नास्तिकांत मोजले गेले; आणि जगाचा कर्ता असा ईश्वर न मानणारे सांख्य व मीमांसक मात्र, वेद मानीत म्हणून, आस्तिकांत बसले. त्या मापानें आपण सर्व ख्रिस्ती नास्तिकच ठरतों! ज्या शब्दानें आपल्या रक्तसाक्ष्यांस चितेवर नेलें, तो शब्द दुसऱ्यास लावितांना आपली जीभ क्षणभर अडखळावी, हें बरें.

आतां चौथी समजूत, व हीच आज मला विशेषेंकरून सांगावयाची आहे. आपण म्हणतों, ज्याला देव नाहीं त्याला नीति नाहीं. ज्याला न्यायाच्या दिवसाचें भय नाहीं तो खोटें कां बोलणार नाहीं, चोरी कां करणार नाहीं? हें ऐकावयास सयुक्तिक वाटतें. पण खरें आहे काय, हें माणसांकडे पाहून ठरविलें पाहिजे.

गोपाळ गणेश आगरकर ह्यांचें नांव तुम्हीं ऐकिलें आहे. त्यांचा जन्म १८५६ सालीं कऱ्हाडजवळ टेंभू गांवीं, अत्यंत गरीब घरांत झाला. एम्. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण पोटापुरतें घेऊन बाकीचा वेळ लोकांच्या हितार्थ घालवीन, असें त्यांनीं आपल्या आईस पत्र लिहून कळविलें, व तसेंच ते वागले. देव आहे किंवा नाहीं हें मनुष्यास कळणें शक्य नाहीं, असें त्यांचें मत होतें. बालविवाह, विधवांचें वपन, स्त्रियांचें अज्ञान ह्यांवर त्यांनीं १८८८ सालीं निघालेल्या आपल्या सुधारक पत्रांतून झोड उठविली. त्याबद्दल पुण्यांत त्यांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढण्यांत आली. दम्यानें शरीर पोखरलें होतें, तरी लिहिणें व शिकविणें त्यांनीं सोडिलें नाहीं. १७ जून १८९५ रोजीं, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षीं ते वारले. आपल्या अंत्यविधीचा भार दुसऱ्यावर पडूं नये म्हणून तेवढे पैसे त्यांनीं आधींच बाजूस काढून ठेविले होते असें सांगतात.

त्याच १८९५ सालीं, १० फेब्रुवारी रोजीं, नारायण वामन टिळक ह्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट तुटले, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षें दूर राहिल्या, शिव्याशाप पडले. एकाला देव मानीत नाहीं म्हणून, दुसऱ्याला भलताच देव मानतो म्हणून, एकाच समाजानें वाळींत टाकिलें. दोघांनाही सत्यासाठीं मोल द्यावें लागलें. मी टिळकांच्या बाजूचा आहें, हें मला सांगावयास नको. परंतु आगरकरांस नीति नव्हती असें जो म्हणेल, त्यानें त्यांच्या आयुष्याकडे पाहिलेंच नाहीं.

दुसरें उदाहरण आंध्रांतील गोपराजू रामचंद्र राव ह्यांचें. लोक त्यांस गोरा म्हणत. जन्म १९०२, मृत्यु १९७५. ते वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. देव नाहीं असें उघड सांगत, म्हणून त्यांना नोकरी गमवावी लागली. १९४० सालीं त्यांनीं कृष्णा जिल्ह्यांतील मुदुनूर गांवीं आपलें नास्तिक केंद्र काढिलें, आणि अस्पृश्यता मोडण्याचें काम हातीं घेतलें. १९४४ सालीं ते आपल्या वर्ध्याजवळील सेवाग्रामास येऊन गांधीजींस भेटले. गांधीजींची देवावर नितांत श्रद्धा. तरी ह्या माणसाचें काम पाहून त्यांनीं त्याला जवळ केलें. गोरांनीं आपल्या मुलीचें लग्न अस्पृश्य मानलेल्या जातींतील एका तरुणाशीं ठरविलें. हें लग्न सेवाग्रामास लावण्याचें गांधीजींनीं मान्य केलें, व विधींत ईश्वराच्या नांवाच्या जागीं सत्याचें नांव घेण्यासही ते राजी झाले. ३० जानेवारी १९४८ रोजीं त्यांचा खून झाला. पण ठरलेलें लग्न मोडलें नाहीं. त्याच वर्षीं मार्चमध्यें तें सेवाग्राम आश्रमांत लागलें.

बंधुभगिनींनो, येथें मला थांबून एक प्रश्न विचारूं द्या. ज्यानें देव मानिला नाहीं, त्यानें आपली मुलगी जात न पाहतां दिली. आपण तर एका प्याल्यांतून पितों व एका भाकरींतून खातों. मग आपल्या घरीं सोयरीक आली म्हणजे, मूळचे कोण, पूर्वींचे कोणत्या वाड्यांतले, हें आपण दाराआड कां विचारतों? आपले आईबाप व आजेआजोबा ज्या ओझ्याखालीं चिरडले गेले, तेंच ओझें बाप्तिस्म्याच्या पाण्यांतून आपण कोरडें राखून बाहेर आणिलें आहे काय? मत्तय २१ व्या अध्यायांत प्रभूनें दोन मुलांचा दाखला दिला. एक नाहीं म्हणाला, पण मळ्यांत कामास गेला. दुसरा हो म्हणाला, पण गेला नाहीं. बापाच्या इच्छेप्रमाणें कोण वागला? उत्तर देणें फार सोपें आहे, आणि म्हणूनच तें फार जड आहे.

तथापि कोणी असा उलटा अर्थ घेऊं नये कीं, देव न मानणारा तो चांगला, व मानणारा तो ढोंगी. तीही मिलितेच्या लोकांचीच चूक होईल. आल्बेनिया देशाच्या सरकारानें १९६७ सालीं सर्व धर्मांवर बंदी घातली, ख्रिस्ती मंदिरें व मशिदी बंद केल्या, पाळकांस तुरुंगांत टाकिलें. ही बंदी १९९० पर्यंत चालली. दुसरीकडे, १६१८ ते १६४८ हीं तीस वर्षें यूरोपांत जें युद्ध झालें, त्यांत ख्रिस्ताचें नांव घेणारांनींच ख्रिस्ताचें नांव घेणारांचीं गांवें जाळिलीं. नांवावरून मनुष्य ओळखतां येत नाहीं. प्रभूनें झाड ओळखण्याची खूण सांगितली, ती पाटी नव्हे, फळ आहे.

ह्यावर एखादा उपदेशक मला विचारील, साहेब, देवावांचूनही माणूस चांगला वागूं शकतो, तर मग मी गांवोगांव उन्हांत कशाला फिरूं? सुवार्ता कोणासाठीं?

प्रश्न प्रामाणिक आहे, व त्याचें उत्तरही ह्याच पाठांत आहे. आम्ही चांगले व तुम्ही वाईट, ही सुवार्ता कधींच नव्हती. तसें सांगत फिरणारास परुशी म्हणतात. देवानें पाप्यांवर प्रीति केली, व त्या पाप्यांत पहिला मीच आहें, ही सुवार्ता आहे. ती चांगल्या मनुष्यासही हवी आहे. कारण चांगला मनुष्यही रात्रीं एकटा असतो, त्यालाही आपल्या हातून झालेली एखादी चूक छळते, आणि त्यालाही प्रेताजवळ बसावें लागतें. आतां पौलाकडे पाहा. पुब्लियाचा बाप ताप व आमांश ह्यांनीं आजारी होता. पौल त्याच्याजवळ गेला, प्रार्थना केली, हात ठेविले, आणि तो बरा झाला. मग इतर आजारी आले. पण हें पुढें झालें. आधीं काय झालें? आधीं पौलानें त्या लोकांच्या विस्तवाशीं आपले गारठलेले हात शेकले. देण्यापूर्वीं त्यानें घेतलें. तीन महिने तो तेथें राहिला. त्यानें त्यांस रानटी म्हणून हिणविलें, किंवा खुनी म्हटल्याचा जाब मागितला, असा एकही शब्द लूकानें लिहिला नाहीं. ज्याला दुसऱ्याच्या विस्तवाशीं बसतां येत नाहीं, त्याची सुवार्ता कोण ऐकेल?

शेवटीं एक गोष्ट आईबापांसाठीं. पुष्कळ घरांत आज हें दुःख आहे. मुलगा शहरांत शिकावयास जातो. नाताळास घरीं येतो, आणि जेवणाआधींच्या प्रार्थनेस डोळे मिटीत नाहीं. विचारलें तर म्हणतो, बाबा, माझा आतां विश्वास राहिला नाहीं. मी खोटें कसें बोलूं? आईच्या हातांतील भाकरी तव्यावरच करपते. बाप म्हणतो, मंडळींत माझें तोंड काळें केलेंस. असें बोलावयाचें असेल तर ह्या घरीं येऊं नकोस.

बापांनो, असें बोलूं नका. मुलगा तुमच्याशीं खरें बोलला आहे, हें आधीं ध्यानांत घ्या. पुष्कळ मुलें मुकाट्यानें डोळे मिटून घेतात, आणि त्यांच्या मनांत काय आहे हें आपणांस कधींच कळत नाहीं. आपल्या राज्यघटनेनें १९५० सालीं प्रत्येकास सद्सद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य दिलें. त्यांत कोणताही धर्म न मानण्याचें स्वातंत्र्य येतें, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें. ज्या कलमाच्या आश्रयानें आपण गांवांत उघडपणें ख्रिस्ताचें नांव घेतों, तेंच कलम तुमच्या मुलाचेंही रक्षण करितें. सरकार ज्याला सक्ति करीत नाहीं, त्याला बापानें काठीनें देवापुढें उभें करावें काय? देव काठीनें आणिलेलें नमन घेत नाहीं. लूक १५ मधील बापानें जाणाऱ्या मुलास अडविलें नाहीं. पण तो दूर असतांनाच त्यास पाहिलें, म्हणजे त्यानें वाटेकडे पाहणें कधीं सोडिलें नव्हतें.

म्हणून ताट वाढा. प्रार्थना तुमची तुम्ही करा, मोठ्यानें व मनापासून. त्याला डोळे मिटावयास लावूं नका. त्याला विचारा कीं, तुझ्या मनांत काय आलें, तूं काय वाचलेंस, तुला कोणीं दुखविलें. कदाचित् असें आढळेल कीं, त्याचा राग देवावर नसून आपल्या मंडळींतील भांडणांवर आहे. कदाचित् तो परत येईल, कदाचित् येणार नाहीं. तें देवाच्या हातीं आहे. दार उघडें ठेवणें मात्र आपल्या हातीं आहे.

मंडळीच्या पंचांस व उपदेशकांस माझें सांगणें आहे कीं, येत्या आठवड्यांत तीन कामें करा. जो आजारी आहे त्याच्या घरीं जा, व त्याचें पाप न शोधतां त्याचें पाणी भरा. जो उपासनेस येईनासा झाला आहे त्याच्याकडे जा, व न येण्याचा जाब न मागतां त्याची विचारपूस करा. आणि गांवांत जो कोणी, मग तो कोणत्याही धर्माचा असो वा कोणत्याच नसो, गोरगरिबांसाठीं झटत असेल, त्याच्याकडे जाऊन आपल्या मंडळीच्या वतीनें त्याचे आभार माना, व त्याच्या कामांत हात लावा. पौलानें काटक्या वेंचिल्या. तेवढें काम आपल्यालाही जमेल.

पाऊस सर्वांवर पडतो आणि थंडी सर्वांस वाजते. ज्या प्रभूनें शोमरोनी मनुष्याची दया आपल्यापुढें कित्ता म्हणून ठेविली, तो आपल्या डोळ्यांवरील पडदा काढो, आपल्या जिभेवर पहारा ठेवो, आणि आपणांपैकीं प्रत्येकास दुसऱ्याच्या विस्तवाशीं नम्रतेनें बसण्याची व त्यांत आपली एक काटकी घालण्याची कृपा देवो. आमेन.